दिलेला वॉकर परत मिळत नाही

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा सप्तांग नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण आठांपैकी उजवा गुडघा ऑपरेशन झाल्यापासून रजेवर आहे, आणि जे अंग जमिनीला टेकत नाही ते टेकलं म्हणून लिहायचं हे माझ्या तत्त्वात बसत नाही. (ही माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि 'तत्त्व' या शब्दाला हसते आहे. तू तिकडे लक्ष देऊ नकोस.) तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या वरच्या मजल्यावरचे ते लोक अजून दुपारभर टेबल सरकवतात का? इतकी वर्षं सरकवूनही ते त्यांच्या मनासारखं लागू नये याचं मला नवल वाटतं. डोळ्यांत थेंब घालतेस ना? आणि दोन्ही डोळ्यांत घालतेस ना? मागे तू बाटली पुरवायची म्हणून एक दिवस डावा डोळा, एक दिवस उजवा असं चालवलं होतंस. मी हे भिंगरीला कौतुकाने सांगायला गेलो, तर ती म्हणाली की आत्याची काटकसर पृथ्वीच्या दृष्टीने चांगली असली तरी आत्याच्या दृष्टीने बरी नाही.

इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे माझा गुडघा सोडून, गादी सोडून, कपाटाचं दार सोडून आणि माझी लग्नातली पँट सोडून सर्व क्षेम आहे. ते सगळं सविस्तर सांगतोच, कारण मला सध्या बसून राहण्याखेरीज उद्योग नाही आणि दुकान हीच बघते. (माझ्यापेक्षा बरं बघते असं गिऱ्हाइकं म्हणतात. गिऱ्हाइकांना काय कळतंय.) पण मुख्य बातमी आधी सांगून टाकतो, नाहीतर मला धीर निघणार नाही. तुझ्या भाचीने भर सभागृहात भाषण केलं, आणि त्या भाषणात तुझ्या भावाची मान अशी काही ताठ केली की ती अजून खाली यायला तयार नाही. भिंगरी म्हणते, मानेसाठी वेगळा व्यायाम देते.

भिंगरी हे नाव तूच ठेवलंस, पाळण्यातसुद्धा एका जागी राहत नाही म्हणून. आता ती फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दुसऱ्या कोणालाच एका जागी राहू देत नाही. ही विद्या तिच्या डोक्यात कुठून शिरली ते तुला मी सांगायला नको. भाऊजी आजारी होते तेव्हा ती शाळेत होती आणि सुट्टीभर तुझ्याकडे राहिली होती. भाऊजी वॉकर धरून पलंगापासून गॅलरीकडे निघाले की ही त्यांच्या पुढे उलटी चालत 'या, या, अजून या' करत जायची, आणि भाऊजी म्हणायचे, ही पोरगी मला माझ्याच घरात पाहुण्यासारखी बोलावते. (काय ताडमाड माणूस! आमच्या दुकानात यायचे ते चौकटीला वाकून मुजरा केल्यासारखे. बाजारातला वॉकर त्यांच्या मांडीपर्यंतच यायचा, म्हणून तू फॅब्रिकेशनवाल्याच्या डोक्यावर बसून लांब पायांचा करून घेतला होतास.) तेव्हापासून पोरीने ठरवलं, लोकांना चालवायचं. मला वाटलं होतं, विसरेल. मी तिच्या वयाचा असताना वैमानिक होणार होतो आणि खुर्च्या भाड्याने देतो आहे. पण ती विसरली नाही.

तर झालं असं, की त्यांच्या कॉलेजातल्या एका तरुण बाईंनी वर्गाला विचारलं, आपल्या या पेशामुळे निसर्गावर काय भार पडतो आणि तो हलका करायला तुम्ही काय कराल? झाडून सगळ्या वर्गाने एकच उत्तर लिहिलं, की झाडे लावा. एका हुशार विद्यार्थ्याने 'आणि ती जगवा' अशी भरही घातली. आमच्या भिंगरीचंही उत्तर तेच. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी इतकंच विचारलं, की तुम्ही दिवसभर ज्या खोलीत उभे असता त्या खोलीत तुम्हाला काहीच दिसलं नाही का? हे वाक्य पोरीला असं लागलं, की दुसऱ्या दिवसापासून जे दिसायला लागलं ते थांबेना. प्रत्येक पेशंटमागे पलंगावर अंथरून फाडून टाकायचा कागद. शेकाच्या पिशव्या बुडवून ठेवायची पाण्याची टाकी, ती पेशंट असो नसो दिवसभर तापत राहते. व्यायामाचे रबरी पट्टे, थोडे सैल पडले की कचऱ्यात. व्यायामाची रंगीत चित्रं छापलेले कागद, ते पेशंट घरी नेऊन डब्याखाली अंथरतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वॉकर, कुबड्या, काठ्या. एक माणूस बरा होतो आणि त्या माळ्यावर टाकतो, आणि त्याच गल्लीतला दुसरा माणूस पडतो आणि नव्या विकत आणतो. (या सगळ्याला ते शाश्वतता म्हणतात. मी हा शब्द ऐकून आधी गंभीर चेहरा केला, मला वाटलं आत्म्याविषयी काही असेल. नंतर कळलं, आपल्या आईने जन्मभर केलं तेच. फक्त आईला त्यावर कोणी भाषण करायला बोलावलं नाही.)

आता कोणताही नवा विचार आधी घरच्यांवर करून बघायचा असतो, आणि घरात आयता पेशंट मीच. विजेचा शेक बंद झाला. त्याऐवजी तव्यावर गरम केलेल्या वाळूची पिशवी आली. पिशवीला जाड कापड हवं म्हणून माझ्या लग्नातल्या पँटचा उजवा पाय कापला गेला. (मला विचारलं होतं म्हणे. मी झोपेत 'हूं' म्हणालो, तो होकार धरला.) पोरगी माणसाचे सगळे स्नायू तोंडपाठ सांगते, पण शिवणकामात तिचा टाका म्हणजे दोन गावांमधलं अंतर. तिसऱ्या शेकाला पिशवीने जीव सोडला आणि वाळू माझ्या अंगाखाली, गादीच्या शिवणीत आणि पायजम्यात अशी समान वाटली गेली. अजून कूस बदलली की समुद्रकिनाऱ्यावर आल्यासारखं वाटतं, फक्त समुद्र नाही. पण खरं सांगतो ताई, शेक उत्तम होता. विजेच्या शेकापेक्षा जास्त वेळ टिकला. मी तसं तिला सांगितलं आणि तिने ते 'पेशंटचा अभिप्राय' म्हणून सगळ्या कॉलेजला ऐकवलं. माझा अभिप्राय एखाद्या कॉलेजात विचारात घेतला जाईल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

मग सायकलची ट्यूब. रबरी पट्ट्याऐवजी सायकलवाल्याने टाकून दिलेली ट्यूब कापून, धुऊन, तिचं एक टोक माझ्या घोट्याला आणि दुसरं समोरच्या कपाटाच्या मुठीला बांधलं, आणि मी खुर्चीत बसून टाच मागे ओढायची. त्या कपाटात काय असतं ते तुला माहीत आहे. दुकानात न मावणारे स्टीलचे पेले, वाट्या आणि मोठे डाव. मी आज्ञेप्रमाणे टाच मागे ओढली. गुडघा वाकला. भिंगरी कोन मोजायचं ते प्लास्टिकचं यंत्र लावून 'छान, अजून' म्हणाली. मी अजून ओढलं. ट्यूब आपल्या जागी, घोटा आपल्या जागी, गुडघा आपल्या जागी, फक्त कपाटाची कडी जागेवर राहिली नाही. दार उघडलं आणि एका लग्नाला पुरतील इतके पेले माझ्या दिशेने धावत आले. ही दुकानातून पळत आली, कारण तिला वाटलं गिऱ्हाइकाने माल परत आणून ओतला. आणि भिंगरी त्या सगळ्या गडगडाटात जमिनीवर बसून यंत्राकडे बघत म्हणाली, 'बाबा, नव्वदच्या पुढे गेला.' पेल्यांना पोचे आले, पण गुडघा नव्वदच्या पुढे गेला. मी हे आजूबाजूच्या सगळ्यांना फोन करून सांगितलं. गॅसवाल्यालाही सांगितलं, तो दारातच सापडला.

घरी जमलं म्हणून पोरीला जोर आला आणि तिने कॉलेजात त्या पाण्याच्या टाकीला हात घातला. दुपारच्या जेवणाच्या वेळात पेशंट नसतात, तेवढा वेळ टाकी बंद ठेवली तर काय बिघडतं, असा सरळ हिशेब करून तिने बटण बंद केलं. हिशेब बरोबर होता. पण जेवणानंतरचा पहिला पेशंट म्हणजे खुद्द त्यांचे विभागप्रमुख, ज्यांचा खांदा धरला होता, हे काही तिच्या हिशेबात नव्हतं. (खांदा धरतो त्या माणसाचा स्वभावही धरतो असा माझा अनुभव आहे.) सर डोळे मिटून, शर्ट उतरवून, सुस्कारा सोडायच्या तयारीत बसले आणि खांद्यावर गार ओली पिशवी आली. सुस्कारा निघालाच नाही. जे निघालं ते जिन्यापर्यंत ऐकू आलं. त्यांनी भिंगरीला आणि तिच्या चार साथीदारांना खोलीत बोलावलं आणि सांगितलं, की हे उपद्व्याप पुरे. शाश्वततेसाठी कॉलेज दरवर्षी रोपं लावतं, ते पुरेसं आहे. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं असणार, पण ती तिथून हलली नाही. तिने जिन्याखालची रिकामी खोली मागितली. लोकांच्या माळ्यांवरचे वॉकर, कुबड्या आणायच्या, तपासायच्या, दुरुस्त करायच्या आणि गरजूला द्यायच्या. बरा झाला की त्याने परत आणायच्या. शेवटी सर म्हणाले, ठीक आहे. एक कार्यक्रम करा, पेशंटना, त्यांच्या घरच्यांना बोलवा, समजावून सांगा. त्या दिवशी कोणी खरोखर काही आणून दिलं तर खोली तुमची. नाही दिलं तर पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही.

म्हणजे सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं. पोरगी आरशासमोर भाषण पाठ करायची, आणि मी माझ्या परीने कामाला लागलो. खुर्च्या आपल्या दुकानातून पाठवल्या, फुकट. आणि आता तुला एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. आपल्या खुर्च्यांच्या पाठीवर लाल रंगात दुकानाचं नाव रंगवलेलं आहे, माहीत आहे ना? तर मी माणसाला सांगून सगळ्या खुर्च्यांना पांढरे अभ्रे चढवले. तिच्या वर्गात डॉक्टरांची मुलं आहेत, इंजिनियरांची आहेत. तिच्याबरोबरच्यांना उगीच कळायला नको की ही खुर्च्यावाल्याची मुलगी, असा माझा विचार. तिने कधी तसं दाखवलं नाही, पण बापाला आपलं वाटतं. कार्यक्रमाच्या दिवशी मी वॉकर टेकत टेकत सभागृहात शिरलो तर काय, एकाही खुर्चीला अभ्रा नाही. लाल अक्षरांत आपलं दुकान ओळीने बसलेलं. मी भिंगरीकडे बघितलं. ती म्हणाली, एवढे अभ्रे धुवायला किती पाणी लागतं बाबा, काढून टाकले. मला ते पटलं. पटलं म्हणजे गप्प बसलो.

मला पहिल्या रांगेत कडेला बसवलं, समोर वॉकर. भिंगरी उभी राहिली. पहिली दोन वाक्यं पाठ केलेली होती, ती मी तिच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हटली. (आरशाच्या पलीकडच्या खोलीत मी झोपतो.) मग ती थांबली, आणि पुढचं तिने पाठ केलेलं नव्हतं. ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण ते मला जन्मभर पुरणार आहे:

'आमच्या वर्गाने लिहिलं होतं झाडं लावा. मीही तेच लिहिलं. मला लाज वाटते, कारण मला उत्तर माहीत होतं, मी त्याच घरात वाढले. तुम्ही बसलात त्या खुर्च्या माझ्या बाबांच्या आहेत. त्यांची एकही खुर्ची आयुष्यात एकाच घरी बसलेली नाही. परत आलेली प्रत्येक खुर्ची ते उलटी करतात, पुसतात, पायाचं रबरी बूच झिजलं असेल तर नवं बसवतात, आणि मगच दुसऱ्या घरी पाठवतात. मी लहानपणी ती बुचं बसवायचे. आम्हाला वॉकरचंही एवढंच करायचं आहे.'

ताई, माझ्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं. मी अभ्रे कशाला चढवले होते ते मला आठवलं आणि मी जरा खुर्चीत सरकून बसलो, म्हणजे पाठीवरचं नाव मागच्यांना नीट दिसावं. मी चाळीस वर्षं या धंद्याला पोटापाण्याचा धंदा म्हणत आलो. त्यात काही सांगण्यासारखं आहे, आणि ते माझी पोरगी माइकवरून सांगेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवू ते कळेना.

आणि तिथेच घोळ झाला. भाषण संपलं. सरांनी विचारलं, तर मग कोण देणार? काहींनी चपलांकडे बघितलं, काहींनी 'घरी बघावं लागेल' असा चेहरा केला. एका गृहस्थांनी तर डोळेच मिटले. सर घड्याळाकडे बघायला लागले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला रोपं दिसायला लागली. भिंगरी माइक धरून तशीच उभी. त्या क्षणी माझ्यातला बाप उठला, आणि बाप उठला म्हणून मीही उठलो. समोरचा वॉकर उचलून दोन्ही हातांनी पुढे धरला आणि म्हणालो, 'हा घ्या माझा.' तिच्या मैत्रिणीने धावत येऊन तो नेलासुद्धा. टाळ्या सुरू झाल्या. मी छाती काढून उभा. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मी उभा आहे, आणि ज्याच्या आधाराने उभा राहत होतो ते व्यासपीठावर आहे.

मागे टेकायला गेलो तर खुर्ची सरकली. (तिच्याच एका पायाचं बूच गेलेलं होतं. माणसाला मी नंतर काय बोलायचं ते बोललो.) कशीबशी पाठ फिरवून खुर्चीची पाठ घट्ट पकडली. आता शहाण्या माणसाने तिथेच बसावं. पण टाळ्या थांबेनात, आणि लोक आपल्यासाठी टाळ्या वाजवत असताना गप्प बसणं बरं दिसत नाही, काहीतरी करायला हवं असं मला वाटलं. म्हणून मी निघालो. खुर्ची पुढे ढकलायची, एक पाऊल टाकायचं. खुर्ची ढकलायची, एक पाऊल. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर काय किंचाळते ते आपल्या धंद्यातल्यालाच माहीत. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, घरातल्या वस्तू वापरून कसं चालावं याचं प्रात्यक्षिक. सर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, दुखऱ्या खांद्यासकट. सगळ्या सभागृहात एकटी भिंगरी पांढरीफटक पडली होती, आणि तिने माइकवरून सांगितलं, 'बाबा, आहात तिथे बसा.' मी बसलो. एवढ्या आज्ञाधारकपणे मी आईचंही कधी ऐकलं नव्हतं.

पण बांध फुटला होता. एक आजोबा म्हणाले, माझ्या कुबड्या पडल्या आहेत, मुलगा आत्ता घेऊन येतो. डोळे मिटलेल्या गृहस्थांनी डोळे उघडून कबूल केलं की त्यांच्या माळ्यावर दोन काठ्या आणि कमोडची खुर्ची आहे. संध्याकाळपर्यंत सरांनी जिन्याखालच्या खोलीची किल्ली भिंगरीच्या हातात दिली. आत जुनी रोपांची मडकी आणि एक हात हरवलेला सांगाडा होता. सांगाडा पोरांनी ठेवून घेतला. भिंगरी म्हणते, तोही कधीतरी दुरुस्त होईल.

माझा वॉकर त्याच दिवशी गेला, आणि त्यातली एक गोष्ट मला सांगायची आहे. पहिल्या पुढे आल्या त्या एक पोस्टातल्या बाई. जन्मभर पायी टपाल वाटलं, आता कंबर मोडून घरात बसल्या आहेत. मुलगा हाताला धरून घेऊन आला होता. बाई चांगल्या उंच, आपल्या भाऊजींच्या तोडीच्या. त्यांनी माझा वॉकर धरला आणि त्या अशा वाकल्या की हरवलेली वस्तू शोधताहेत असं वाटावं. सगळ्यात वरच्या खाचेपर्यंत उंची वाढवली तरी तेच. भिंगरीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, हा देऊन मी तुमची पाठ मोडणार नाही, मी तुम्हाला मापाचा आणून देते. बाई म्हणाल्या, 'बाळ, माझ्या मापाचं मला काहीच मिळत नाही, सवय आहे.' आणि मुलाच्या हाताला धरून परत गेल्या. वॉकर मग आमच्या चौकातल्या इस्त्रीवाल्याला मिळाला, तो माझ्याच उंचीचा. भिंगरी त्या दिवशी किल्ली घेऊन घरी आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आम्हाला वाटलं आनंदाने. ती म्हणाली, पहिल्याच माणसाला मी रिकाम्या हाताने पाठवलं.

मी इस्त्रीवाल्याकडून वॉकर थोडे दिवस परत मागू का असं भिंगरीला हळूच विचारून बघितलं. उत्तर मिळालं, दिलेला वॉकर परत मिळत नाही, देणारा डॉक्टरणीचा बाप असला तरी. मग नवा विकत आणू का? त्यावर माझ्याकडे नुसतं बघण्यात आलं. तेव्हापासून मी घरात आहे आणि समाधानी आहे. इस्त्रीवाला रोज आमच्या दारावरून ठक ठक करत जातो, आणि ती ठक ठक ऐकली की मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, तो माझा वॉकर चालला आहे बघा. खोलीत आता चांगला माल जमला आहे. परत आलेली प्रत्येक काठी पोरं उलटी करतात, पुसतात, बूच बघतात. भिंगरी तर बूच बघून सांगते, की हा माणूस कोणत्या पायावर भार देत होता. विभागप्रमुख त्यांच्या कॉलेजात येणाऱ्या पाहुण्यांना आता आधी ती खोली दाखवतात, मग रोपं. आणि शेकाची टाकी जेवणाच्या वेळात बंद असते. सरांच्या खांद्याची वेळ बदलली आहे.

एकंदरीत आमचं छान चाललं आहे, आम्हाला कशाची गरज नाही, तुझी आठवण येते म्हणून हे पत्र. तब्येतीला जप, थेंब दोन्ही डोळ्यांत घाल.

तुझा,
धाकटा (आता डॉक्टरणीचा बाप)

ता. क. : कशाची गरज नाही असं वर लिहिलं, पण आता लिहितोच आहे तर सांगतो. माझे वॉकरवाचून फार हाल आहेत. न्हाणीघरात जातानाही खुर्ची ढकलत जावं लागतं, शेजारी भिंतीवर थापा मारतात. तुझ्या माळ्यावर भाऊजींचा वॉकर चादरीत गुंडाळून ठेवलेला आहे. मला माहीत आहे, त्या माळ्याला तू कोणाला हात लावू देत नाहीस, आणि मीही आजवर कधी विषय काढला नाही. पण सख्ख्या भावासाठी देशील तर बरं होईल.

दुसरा ता. क. : वरचा मजकूर हिने वाचला. म्हणते, वन्संना वेड्या समजता की काय? भाऊजींचा वॉकर तुमच्या छातीला लागेल, त्याला लोंबकळणार आहात का? आणि मग माझ्या तत्त्वाविषयी जे बोलली ते लिहीत नाही. तर खरं लिहितो. मी गेल्या आठवड्यापासून काठीवर चालतो. हाल वगैरे काही नाहीत. मला वाटलं, परक्या बाईंसाठी माळा उघडायला तुला जड जाईल, भावासाठी कमी जड जाईल. वॉकर पोस्टातल्या बाईंसाठी हवा आहे. भिंगरी सगळी दुकानं आणि सगळे माळे पालथे घालून बसली, तेवढ्या लांब पायांचा कुठे नाही. तुझ्याकडे आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पण तिने एकदाही म्हटलं नाही. मी विचारलं का नाही म्हणालीस, तर म्हणाली, 'तो आत्याचा आहे. आत्याला वाटलं पाहिजे.' तेव्हा तुला वाटलं तर. नाही वाटलं तरी हे पत्र मिळाल्याचं कळव, मी पुन्हा विषय काढणार नाही.

तिसरा ता. क. : तुला वाटलंच, तर रविवारी भिंगरी आणि मी येतो. वॉकरला नवी बुचं बसवावी लागतील, जुनी झिजलेली असली की घसरतात. पुढच्या उजव्या पायाचं बूच आतल्या बाजूने जास्त झिजलेलं असेल असं ती न बघताच म्हणाली, कारण गॅलरीकडे वळताना भाऊजी त्या बाजूला रेलायचे, आणि ती समोरून बघायची. ती चारही बुचं मी काढून, पुसून तिथेच तुझ्या हातात देईन. वॉकर बाईंकडे जाऊ दे. भाऊजींचं चालणं तुझ्याकडे राहू दे. आणि तुझा जिना मी काठी टेकत एकटा चढून दाखवीन, आल्याआल्या नमस्कारही आठही अंगांनी घालीन. उठवायला मात्र तुम्ही दोघी जवळ उभ्या राहा.